जाईबाईची गादी

कापसातून रुई काढणाऱ्या अकोटच्या जिनाचा भोंगा पहाटे साडेपाचला वाजायचा, पण जाईबाईला त्याचा काही उपयोग नव्हता. चार वर्षं झाली, भोंग्याच्या आधी ती जागीच असायची. जागी म्हणजे भिंतीला पाठ टेकून बसलेली. आडवी झाली की छातीवर पोतं ठेवल्यासारखं व्हायचं, खोकल्याची उबळ यायची अन् पुन्हा उठून बसावं लागायचं. बावीस हंगाम मशीनपुढे उभं राहून कापूस टाकलेली बाई ती. रुईचा धुराळा छातीत घर करून बसला होता. अकोल्याच्या डॉक्टरानं नळी लावून सांगितलं, "बाई, हा आजार मुळापासून जायचा नाही. जपून राहा." जपून राहा म्हणे! अन् पोट कोणी जपायचं?

आजार जायचा नाही, हे तिनं पचवलं होतं. तिला हवी होती फक्त झोप. आडवी, पाय ताणून, सकाळपर्यंतची. शिवाय दिवसा मशीनपुढे डुलक्या लागत होत्या. मुकादम गोवर्धननं सगळ्या बायांदेखत बजावलं होतं, "हात गेला मशीनमंदी तं मी काय करू वं? आता एक डुलकी दिसली तं घरीच बसजो."

घरी गादी होती, बरं का! वस्तीत दुसऱ्या कोणाकडे नव्हती; बाकी सगळे सुतळीच्या बाजेवर निजायचे. नवरा देवमन त्याच जिनात हमाल. बायकोच्या पाठीला मऊ लागावं म्हणून त्यानं दोन हंगाम जिनाच्या कोपऱ्यांतली झाडून टाकलेली रुई मागून मागून आणली, निळ्या पट्ट्यांचं कापड घेतलं अन् गादी भरली. केवढा तोरा त्याला त्या गादीचा! दर रविवारी काठीनं झोडपून, फुगवून, तो ती घरात अंथरायचा.

एकसष्ट साली लेक शकुन बाळंत झाली, म्हणून जाईबाई मोर्शीला गेली. जावई संत्र्याच्या बागेत राखणदार. घरात दोन सुतळीच्या बाजा. एकीवर बाळंतीण, दुसरीवर आई. आईला सपाट निजवत नाही हे ठाऊक असल्यानं शकुननं तिच्या बाजेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावल्या होत्या. पहिले तीन दिवस खोकण्यात गेले. चौथ्या सकाळी जाईबाईनं डोळे उघडले, तर ऊन अंगणात आलेलं अन् शकुन तिच्या नाकापाशी हात धरून उभी.

"माय, जित्ती हायेस ना वं?"

जाईबाई इतकी हसली की हसता हसता खोकला आला.

सगळे म्हणाले, मोर्शीची हवा मानवली. तिलाही ते पटलं. महिन्यानं ती घरी आली, गादीवर पडली अन् घटकाभरात पुन्हा भिंतीला टेकून बसली. आपल्या नशिबात ही हवा नाही, म्हणून सकाळी चुलीपुढे रडली बिचारी.

रविवार आला. देवमननं गादी उन्हात काढली अन् झोडपायला लागला. जाईबाई ओट्यावर भाजी निवडत होती. घसा खवखवला, छाती आवळली. मोर्शीत महिनाभर असं झालं नव्हतं. जिन तर आज बंद, मग हा वास कुठला? तोच, मशीनपुढचा! ती ताडकन उठली.

"थांबवा ते! अवं माय, ही गादी नाई, जिन हाय! दिवसभर तिकडं आपुन हाच धुराळा खातो अन् रातच्याले त्याच्यावरच झोपतो!"

देवमनचा चेहरा उतरला. "तुह्यासाठीच भरली ना मी? लोक काय म्हनतीन, देवमनची बायको पुन्हा बाजेवर?"

"लोकाईले झोपू द्या गादीवर. मले श्वास घेऊ द्या."

देवमननं काठी खाली टाकली. गादी खांद्यावर टाकून उकिरड्यावर गेला, टाके उसवले, सगळी रुई तिथं रिकामी केली. खोळ विहिरीवर नेऊन तीनदा धुतली. परत आला तेव्हा डोळे लाल होते. डोळ्यांत धूळ गेली, म्हणाला. मग शेजारच्या गोदाबाईची जुनी बाज मागून आणली, विटा लावल्या अन् धुतलेली खोळ वर अंथरली.

जाईबाई जिनातही नाकाला ओलं फडकं बांधायला लागली. बाया हसल्या. हसू दे.

आठव्या दिवशी भोंगा वाजला. देवमन उठला अन् बघतच राहिला. जाईबाई कुशीवर, पाय ताणून, चक्क घोरत होती! कामाला हाक मारायला गोदाबाई दारात आली, तर त्यानं तोंडावर बोट ठेवलं. "झोपली हाय," असं म्हणाला, जसा काही पेढाच हातावर ठेवतोय. अन् दाराशी राखण करत बसला.

दोघं जिनात पोचले तेव्हा आठ वाजून गेले होते. गोवर्धन फाटकातच उभा. "काहून वं इतका उशीर?"

"झोपली होती मी!" जाईबाई सगळ्या बायांना ऐकू जाईल अशी ओरडली. "आडवी! भोंगाबी आयकू नाई आला मले!"

बाया खो खो हसल्या. गोवर्धननं डोकं खाजवलं. "जिनात झोपली तं काढीन म्हनलं होतं. घरी झोपली तं काय करू? जाय, लाग कामाले."

त्या दिवशी तिला एकही डुलकी लागली नाही.

खोकला काही गेला नाही. चढावर चालताना दम लागायचा तो लागायचाच. पण तिला सकाळी हलवून उठवायचं काम तेव्हापासून देवमनकडे आलं, अन् तो ते रोज कुरकुरत, मोठ्या आनंदानं करायचा.