पावणीत गेलेल्या मच्छरदाण्या

त्या नारळाची आठवण झाली, की अजूनही मला ओकारी येते. नारळाचा बिचाऱ्याचा काय दोष! दोष आमच्या घरातल्या थोरल्याचा, म्हणजे माझ्या मोठ्या भावजींचा.

पार्से गावातल्या आमच्या घरात एक रीत आम्हीच पाडली होती. सासूबाई स्वतः वेचायच्या त्या काजूबियांचे पैसे दर वर्षी दान करायचे, आणि तेही जिथे त्यातून खरोखर कुणाचा जीव वाचतो तिथेच. माझा नवरा तुयेच्या कारखान्यात माल तपासायच्या कामाला. त्याला कशावरच नुसता विश्वास ठेवता येत नाही. भाजीवालीचाही तो अंत बघतो. दान कुठे द्यायचं यावर त्याने मिळेल ते वाचून काढलं, आणि शेवटी आफ्रिकेतल्या पोरांसाठी औषध लावलेल्या मच्छरदाण्या असं ठरलं. सासूबाई मूळच्या सावंतवाडीकडच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण ह्यान पोरां खरांच वाचतत काय? कोणी बघल्यान?"

नवऱ्याने सांगितलं, की काही गावांत मच्छरदाण्या दिल्या, काहींत नाही, आणि दोन्हीकडचा ताप ताडून बघितला.

"एका माडाक खत घालून, दुसऱ्याक न घालता बघतत, तसां?"

"तसंच, आई."

झालं, त्यांना पटलं. तेव्हापासून उन्हात बिया वेचताना कंबर धरली आणि मी "आता पुरे" म्हटलं, तरी त्या ऐकायच्या नाहीत. अजून एका मच्छरदाणीपुरत्या होऊ देत म्हणायच्या आणि पुन्हा वाकायच्या.

पैसे पाठवायचं काम भावजींकडे. पणजीला सरकारी नोकरीत, बँकेच्या कामात हुशार. त्या वर्षी देवळाच्या वर्धापनदिनाला ते गावी आले, तेव्हा सासूबाईंनी पैशांचं पाकीट नेहमीसारखं त्यांच्या हातात दिलं.

दुपारी आरती झाली आणि पावणी सुरू झाली. देवापुढे ठेवलेली फळं लिलावात काढतात, ती पावणी. देवळाला त्यातून चार पैसे मिळतात, त्याला माझी ना नाही. पण शेवटचा नारळ निघाला आणि भावजींच्या समोर उभा राहिला आमचा शेजारी. त्याच्याशी त्यांचं कुंपणावरून वाकडं. तो बोलला, की हे चढायचे. हे चढले, की तो. मंडपातली माणसं टाळ्या पिटत होती, "सोडू नका!" म्हणून आणखी पेटवत होती. गळ्याच्या शिरा ताठ, सदरा घामाने पाठीला चिकटलेला, आणि प्रत्यक्ष देवासमोर तो हावरा चेहरा. शी! नारळ भावजींना पडला, माइकवरून नाव पुकारलं गेलं. मग खिशातून जे निघालं, ते सासूबाईंचं पाकीट. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र!

नारळ मिरवत घरी आले. मागून चार माणसं, "भाग्य लागतं हो" म्हणणारी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"भावजी, ते पैसे पाठवायचे होते ना?"

"अगो, देवाकच दिलंय मा? ह्यां पण दानच. पुढच्या वर्षी पाठवूया."

"हो, म्हणजे डास तोवर उपाशी बसतील तुमच्यासाठी!" मी सगळ्यांसमोर बोलले. कारखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढणारा माझा नवरा चपलांकडे बघत राहिला. त्याचाही मला तितकाच वीट आला.

भावजींनी नारळ फोडला आणि खोबरं वाटायला घेतलं. आलेली माणसं मिटक्या मारत खात होती. सासूबाई सोप्यावर बसल्या होत्या. त्यांच्या हातातली खोबऱ्याची कातळी तशीच होती.

"मगे त्या पोरांचां काय?" त्यांनी विचारलं.

"आये, ती पोरां आपली काय?" भावजी म्हणाले. तोंड भरलेलं होतं, ओठांच्या कडेला खोबऱ्याचा पांढरा चोथा. मला तिकडे बघवेना.

सासूबाईंनी कातळी खाली ठेवली.

"तुझ्या आदी माझो एक झील, तुझो मोठो भाव, तापान गेलो," त्या म्हणाल्या. "तेव्हा भोवतणी सगळे आपलेच होते."