भट्टी होईपर्यंत बोला

घासूनपुसून तयार केलेल्या रॉडवर भाऊ तांब्याभर पाणी ओतत आणि तो उजेडाकडे तिरका धरत. पाण्याचा पडदा कुठे फाटला, की म्हणत, "तेल आहे. परत घासा." तेलावर क्रोम बसत नाही, पापुद्रे निघतात. आणि ते तेल बहुतेक माझंच असे! चकचकीत पोलाद दिसलं की मला हात फिरवावासा वाटतो, त्याला काय करू? आधी डोक्यावरून हात, मग रॉडवरून. शेवटी त्यांनी मला टेबलाजवळ यायची बंदीच घातली. माझ्याच शेडमध्ये.

धायरीची ही प्लेटिंगची शेड यजमानांच्या मागे माझ्या गळ्यात पडली. त्यातलं मला कळत होतं ते एवढंच, की क्रोम चमकतो. बाकी सगळं आमच्या कारागिराचं, भाऊंचं. ते शनिवार पेठेतून स्कूटरवर येत आणि येताना पेठ बरोबर घेऊनच येत. तुमच्याही ओळखीत असेल असा एखादा.

एकदा आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचा सुपरवायझर टेम्पो घेऊन दारात हजर. "मॅडम, आमची लाइन थांबलीय. आत्ता माल नाही दिलात, तर पुढचं काम दुसरीकडे."

त्या एका गिऱ्हाइकावर शेड चालत होती हो. रॉड तर टाकीतून निघून आरशासारखे चमकत होते.

"भाऊ, झाले की! देऊन टाका."

"पोळीला तूप लावलं की ती भाजली जाते का, वहिनी?"

मग म्हणाले, क्रोम चढताना कडक पोलादात वायू शिरतो. लगेच भट्टीत तासन्‌तास तापवून तो काढला नाही, तर रॉड दिसायला नवरदेव, पण यंत्रात घातला की काडकन दोन तुकडे.

"मग त्या माणसाला काय सांगू?"

"काहीही. भट्टी होईपर्यंत बोला."

"अहो, पण काय बोलू?"

"हा प्रश्न तुम्हालाही पडतो?"

मी बोलले. मंडईतल्या वांग्यांपासून निघाले, गुडघ्यांवर आले, पित्ताच्या खड्यांच्या ऑपरेशनपाशी बिचारा सुपरवायझर पांढरा पडला आणि उठून भट्टीकडे धावला.

"भाऊ, अजून किती वेळ?"

"भट्टीचं विचारताय की यांचं?"

रॉड टिकले, गिऱ्हाईकही टिकलं. तेव्हापासून भट्टी लागली की भाऊ मला शेजारी खुर्ची मांडून देत. सगळ्या शेडमधलं माझं एवढंच कसब! ते स्वतः भट्टीच्या काट्यावर नजर लावून पाठमोरे बसत. मला वाटे, ऐकत नसणारच.

गेल्या वर्षी भाऊ गेले. मी त्यांच्या घरी भेटायला गेले. त्यांच्या बायकोने मला जवळ बसवून घेतलं.

"जेवताना रोज तुमचं बोलणं सांगायचे मला," ती म्हणाली. "अगदी तुमच्यासारखे हातवारे करून." मग तिने विचारलं, "तुमच्या सुनेचं कुत्रं आजारी होतं ना? पुढे काय झालं हो? ते सांगायचं त्यांचं राहूनच गेलं."

"बरं आहे," मी म्हणाले.

एवढंच बोलता आलं.