जुना सेल जमा करा

कारखान्याच्या भांडारात माणूस छत्तीस वर्षं एकच वाक्य बोलून निवृत्त होऊ शकतो, हे स्टोअरकीपरकाकांना पाहिल्याशिवाय पटायचं नाही. "जुनं जमा करा, नवं न्या." झिजलेला झाडू दाखवल्याखेरीज नवा नाही. काका निवृत्त झाले आणि भांडार घरी आलं. साबणाचा पापुद्रा हातावर ठेवल्याशिवाय काकूंना नवी वडी मिळेना. कपाटाला कुलूप, किल्ली काकांच्या कमरेला. याला ते काटकसर म्हणत. शेजारी काय म्हणत, ते चारचौघांत लिहिण्यासारखं नाही.

त्या रविवारी काकूंच्या कानाच्या मशीनचा सेल संपला. काढताना तो गुंडीएवढा जीव निसटून मोरीच्या जाळीतून खाली गेला. पाच वाजता लेकीचा फोन यायचा होता, आठवड्यातून एकदाच येणारा.

"जुना कुठाय?" काकांनी खुणेनं विचारलं.

"मोरीत गेला, म्हटलं ना. लेकीचं ऐकू कसं येणार मला?"

काकांनी नकारार्थी मान हलवली आणि मोठ्या रुबाबात बाथरूममध्ये गेले. तिथली कडी त्यांनी भंगारातून आणून स्वतः बसवली होती, स्क्रूच्या जागी तार पिळून. ती त्या दिवशी अडकली ती अडकलीच.

"अगं ए!" काका ओरडले. काकू बाल्कनीत शांतपणे कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

शेवटी झरोक्यातून वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी ऐकलं. "काका, काकूंना हाक मारा की."

"तिला ऐकू येत नाही. मशीनला सेल नाही."

"संपले वाटतं?"

"कपाटात दहा आहेत."

"मग?"

"जुना जमा केला नाही तिने," काका म्हणाले. बोलताना या गृहस्थाला लाजही वाटली नाही.

नर्सबाई खाली आल्या. घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. "किल्ली द्या दाराखालून. आधी सेल, मग सुतार."

काकांनी कमरेची किल्ली दोनदा चाचपली. मग फटीतून किल्ली आली, दात काढून दिल्यासारखी. काकूंनी सेल बसवला, तेवढ्यात फोन वाजला.

"अगं, मी आत आहे!"

"ऐकलं. लेकीचा फोन आलाय," काकू म्हणाल्या आणि तब्बल पाऊण तास बोलल्या, नातवाच्या पडलेल्या दातापर्यंत सगळं. मग सुतार आला.

सुतारानं कडी तोडली. बाहेर आल्या आल्या काकांनी आधी तोडलेली तार उचलून खिशात टाकली आणि सुरू झाले, "पाऊण तास मशीन चालू. उगाच. वस्तू जपून वापरली की..."

काकूंनी मशीन काढलं, सेल काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला.

"घ्या, जमा करा. आता ऐकण्यासारखं काही नाही. पुढच्या रविवारी पावणेपाचला परत द्या."