पाचला उठणारी महाराणी

माझी मोठी बहीण इमारतींच्या सांगाड्याचे आराखडे करते. तिच्या ऑफिसात सगळे पुरुष. ती एकटीच बाई. दुसरी आली तेव्हा ताईला वाटलं, चला, सोबत झाली. पण ती दुसरी पाच वाजले की संगणक बंद करायची आणि पर्स उचलायची. घरी गेल्यावर ऑफिसचा फोन घ्यायची नाही. ताईने तिचं नाव महाराणी ठेवलं.

"निघाली आज पण स्वारी," ताई जेवताना सांगायची. "आम्ही आहोतच गाडा ओढायला."

"मग तूही निघ ना," आई म्हणायची.

"मी निघाले की म्हणतील, बाईमाणसाला झेपत नाही."

"आणि तिला?"

"तिला कुणी काही म्हणत नाही. तेच तर."

ते 'तेच तर' ताईला आतून पोखरत होतं. महाराणीचा चेहरा ताजा, काम चोख. ताईच्या कंगव्यात केसांचे पुंजके. लिफ्टमध्ये छाती धडधडते म्हणून ती जिना चढायची आणि व्यायाम म्हणून सांगायची.

एकाचा आराखडा दुसऱ्याने तपासल्याशिवाय बांधकामावर पाठवायचा नाही, अशी तिथली रीत. ताई आपला आराखडा महाराणीकडे चुकूनही देत नसे. त्या दिवशी बाकीचे बाहेर होते, द्यावाच लागला. थोड्या वेळाने महाराणी खुर्ची ओढून शेजारी बसली.

"ही गॅलरी भिंतीबाहेर अधांतरी आहे ना?" ती हळूच म्हणाली. "मुख्य सळया वरच्या अंगाला हव्यात. तुम्ही खाली दाखवल्यात."

इंजिनिअरिंगच्या सुरुवातीलाच शिकवतात ते. तशीच बांधली असती तर माणसांसकट खाली आली असती.

ताईला रडू नाही, राग आला. "तुम्हाला दिसणारच. झोप झालेली असते तुमची."

"आधीच्या नोकरीत होत नव्हती. मग एक दिवस अंथरुणातून उठताच येईना. इथे येतानाच साहेबांना सांगितलं, पाचनंतर मी नाही."

"आणि ते हो म्हणाले?"

"कुरकुरले. पण म्हणाले."

म्हणजे नुसतं सांगायचं होतं. ताई म्हणते, त्या क्षणी तिला महाराणीचा जेवढा हेवा वाटला तेवढा आधी कधीच वाटला नव्हता.

आराखड्यात सळया वर दाखवून ताई साहेबांच्या खोलीत गेली. चूक सांगितली, आणि हातातल्या दोन इमारती एकदम झेपत नाहीत हेही.

"काय म्हणाले?" रात्री आईने विचारलं.

"बघू म्हणाले." ताईने भात कालवला. "तिला मात्र लगेच हो म्हणाले होते."