दर्शनाचा हंडा

बडोद्याला निघाले त्या सकाळी आप्पांनी ट्रंक, वळकटी, फराळाचा डबा सगळं पुन्हा पुन्हा तपासलं. शेवटी माझ्या काखेतल्या फाइलकडे बोट दाखवून म्हणाले, "ती सांभाळ. बाकीचं परत घेता येईल." कला महाविद्यालयात मला प्रवेश मिळाला तो त्या फाइलमधल्या चार पानांच्या जोरावर. त्या पानांत माझी फक्त शाई होती, हे आप्पांना ठाऊक नव्हतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा आम्ही परळहून भाईंदरच्या नवघरला राहायला आलो. बिल्डिंग नवीकोरी, गच्चीवर भलीमोठी टाकी आणि नळ कोरडे ठणठणीत. टँकर यायच्या कितीतरी आधी बायका हंडे रांगेत ठेवून घरी स्वयंपाकाला जायच्या. हंडा म्हणजे माणूसच. मराठी, गुजराती, मारवाडी, सगळ्या एकमेकींशी कडाकडा भांडायच्या, पण दुसरीचा हंडा कोणी हलवत नसे.

दर्शना शेजारच्या गोडदेव गावातली, माझ्यासारखीच पंधरा वर्षांची. सुट्टीत दर रविवारी वाचनालयात आमच्या वयाच्या मुलांसाठी कॉमिक्सची कार्यशाळा भरायची, तिथे ती भेटली. शाईने काढायचे टाक मोजकेच, म्हणून सरांनी जोड्या लावल्या. एकाने पेन्सिलने चित्रं काढायची, दुसऱ्याने त्यावर शाई फिरवायची आणि शाई वाळली की पेन्सिल खोडून टाकायची. दर्शनाने रांगेतले हंडे काढले. बायका घरी गेल्या की हंडे आपापसांत गप्पा मारतात, ही गोष्टही तिचीच. त्यातला एक पोचे पडलेला हंडा तर हुबेहूब आमच्या शेजारच्या शाहकाकी. शेवटच्या चौकटीखाली तिने पेन्सिलने दोघींची नावं लिहिली, आधी माझं, मग तिचं. मी माझ्या नावावर शाई फिरवली आणि तिच्या नावावर रबर.

चुकून नाही. समजून उमजून.

पानं वाचनालयाच्या फळ्यावर लागली तेव्हा तिने विचारलं, "माजं नाव कुठं हाय?"

"पुसलं गेलं असेल," मी म्हणाले. सगळे माझं कौतुक करत होते. नंतर पानंही मीच घरी नेली.

तरी बारावीनंतर मी बडोद्याला निघाले तेव्हा ती स्टेशनवर आली, दुधाच्या पिशव्या शिवून केलेलं फाइलचं कव्हर घेऊन. मी थँक्यू म्हणाले आणि गाडीत चढले.

बडोद्यात जम बसला. भाजीवाल्याशी गुजरातीत घासाघीस करायला लागले, पुस्तकांत चित्रांखाली नाव छापून येऊ लागलं. माझ्यासारखे गाव सोडलेले तुम्हीही असाल. काय काय उचलून आणलंत, ते तुम्हालाच ठाऊक. मला तर खोडरबर हातात घेतलं तरी चोरट्यासारखं वाटायचं.

नऊ वर्षांनी आप्पांनी नवघरची जागा विकली. त्या खेपेला मी पानं घेऊन गोडदेवला गेले. दर्शना ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"तुझं नाव मीच पुसलं होतं," मी म्हणाले.

"मना म्हाईत हाय. तवाच समजलं."

"मग स्टेशनवर का आलीस?"

"तू जात व्हतीस ना."

मी तिचं नाव लिहायला पेन काढलं. तिने पान उचलून माझ्या हातात दिलं. "ऱ्हाव दे. आता कोन बघतंय?" म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. अजून चित्रं काढतेस का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आता भाईंदरला आमचं कोणी नाही. तरी घर कुठलं विचारलं की मी नवघरच सांगते. तिथे हंडा ठेवून गेलेल्या बाईचा नंबर कधी जात नसे. दर्शना आपलं नाव माझ्या भरवशावर ठेवून गेली होती.

तिचा हंडा मी हलवला.