करियावर दिलेला रंग

लातूर नवा जिल्हा झाला त्या वर्षी निलंग्याच्या शंकरप्पा पेंटरला मान वर करायला फुरसत नव्हती. पाट्यांवरचं ‘जिल्हा उस्मानाबाद’ पुसून ‘जिल्हा लातूर’ लिहायचं काम गावोगाव निघालं होतं. तशात गौरम्मा आली. वारलेल्या नवऱ्याची, नागप्पाची तसबीर तिला हवी होती, आणि त्याच्या पायाशी त्यांचा कुत्रा, करिया. नागप्पाचा फोटो होता. कुत्र्याचा कुठून असणार?

माणसांच्या तसबिरी शंकरप्पा फोटोवर चौकोन आखून करायचा. कातडी गुळगुळीत, कपाळाला विभूती, सुरकुती एकही नाही. गिऱ्हाइकाला तसंच लागे. कुत्र्याचं त्यानं गौरम्मालाच विचारलं. बहात्तरच्या दुष्काळात घरची सगळी खडी फोडायला निघाली, तेव्हा करिया मागं येऊ नये म्हणून नागप्पानं त्याला साखळीनं बांधलं आणि शेजाऱ्याला भाकर टाकायला सांगितलं. पुढं शेजारीही गाव सोडून गेला. हे परत आले तेव्हा साखळीला गळपट्टा तसाच होता, कुत्रं नव्हतं. नागप्पा त्यावर कधी बोलला नाही. दाराशी काही वाजलं की मात्र उठून बघायचा.

ऐकता ऐकता शंकरप्पानं ब्रश ठेवला. चिंधीनं, तळव्यानं काळा रंग जाड थापला, ब्रशच्या दांडीनं केस ओरबाडून काढले. करिया दाराकडं बघायला लागला. त्याच्याशेजारी आधी काढलेला नागप्पा कागदाचा वाटू लागला. शंकरप्पाला ते सोसेना. फोटो पालथा घालून त्यानं चेहराही चिंधीनंच केला.

गौरम्मानं तसबीर बघितली आणि डोक्यावर पदर घेतला. म्हणाली, “हेच तोंड हाय. साखळी हातात घेतली तवाचं.”

तिच्या पोरांनी ती तसबीर बैठकीत लावू दिली नाही. माजघरात ठेवून म्हातारी तिच्यापुढं भाकरीचा तुकडा ठेवायची. शंकरप्पानं माणसासाठी चिंधी पुन्हा हातात घेतली नाही.

गौरम्मा गेली तशी पोरं तसबीर घेऊन आली. सुना त्या खोलीत जायला भितात, कुत्रं काढून टाका, वडलांचं तोंड नीट करा, म्हणाली. शंकरप्पानं फोटोवरून तोंड केलं. करियावर जमिनीचा रंग दिला, वाळल्यावर पुन्हा दिला. काळं झाकलं गेलं, पण खालचा जाड थर उंचच राहिला. उन्हं तिरपी आली की पाठ, कान, उघडं तोंड वर येई.

पोरांना त्यानं ते सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, “खिडकीसमोर लावू नका.”