कोपऱ्यावरच्या बारमधला मनोहर

मनोहर गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात एका सत्काराला बसलो होतो. वक्ते सत्कारमूर्तींना दीपस्तंभ म्हणत होते आणि सत्कारमूर्ती ते नम्रपणे मान्य करत होते. मनोहर शेजारी असता तर कानात काहीतरी कुजबुजला असता आणि हसू दाबत आम्हा दोघांना बाहेर पडावं लागलं असतं. त्या दिवशी मी एकटाच बाहेर आलो...

कृषी महाविद्यालयात आम्ही एका खोलीत राहिलो. पुढे तो नोकरीनिमित्त अमरावतीला गेला आणि तिथलाच झाला. निवृत्तीनंतर दर शनिवारी मी बसने त्याच्याकडे जायचो. प्यायचं तर परगावी जाऊन प्यावं, ही आमच्याकडची जुनी रीत. मी ती पाळली. मनोहर मात्र आपल्याच कॉलनीच्या कोपऱ्यावर, दिलीपच्या वाइन बारमध्ये बसायचा. कोणी ओळखीचं भेटलं तर, असं मी एकदा विचारलं. "तोबी प्यालेच आला असंन ना," म्हणाला.

तिथे पूर्वी कटलरीचं दुकान होतं. मोजकी टेबलं, पिवळे दिवे आणि बांगड्यांच्या शोकेसमधले आरसे तसेच राहिलेले, त्यामुळे माणूस एकटा बसला तरी बैठक भरल्यासारखी वाटे. दिलीप नाशिकला जाऊन वाइनचं काही शिकून आला होता. ग्लास कसा फिरवायचा, वास कसा घ्यायचा, हे तो पहिल्या दिवशी आम्हाला भक्तिभावाने दाखवत होता. मनोहरने शांतपणे पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, किती घुसळशीन? लोणी नाही निघाचं." मग त्याने बर्फ मागितला. दिलीपच्या चेहऱ्यावर सुतक आलं. पण पुढे बर्फ न मागता येऊ लागला, आणि श्रावणात त्याच ग्लासात लिंबू सरबत. श्रावणात मनोहर पीत नसे, पण येणंही चुकवत नसे.

घरी तो वाचनालयात जातो असं सांगून निघे. शालूवहिनी वाचनालयासाठी म्हणून डबा देत.

श्रद्धांजली सभेत वक्त्यांनी त्याला निर्व्यसनी आणि मितभाषी म्हटलं. दोन्ही ऐकून मी मान खाली घातली. सभा संपल्यावर वहिनींनी मला बाजूला बोलावलं.

"भाऊजी, मले त्या बारमधी घेऊन चाला."

मी कोणता बार, असा चेहरा केला. त्यांनी तो टिकू दिला नाही.

"दर शनवारी ठेचा घालून मूगवडे करून देत होती मी. वाचनालयात इतकं तिखट कोन खाते?" मग थोडं थांबून म्हणाल्या, "घरी दोन शब्द बोलत नोते. तुमच्यासंगं तासन्‌तास. मी काय इतकी कंटाळवानी होती, येवढं मले पाहू द्या."

पुढच्या शनिवारी दुपारी मी त्यांना घेऊन गेलो. बार रिकामा होता. दिलीपने पुसलेली खुर्ची पुन्हा पुसली, काकू बसा म्हणाला. वहिनींनी सगळीकडे पाहिलं. इतकंसंच आहे होय, म्हणाल्या. साहेब इथे काय बोलायचे, असं त्यांनी विचारलं तेव्हा दिलीप माझ्याकडे पाहू लागला. मी मानेनेच हो म्हटलं.

समोरच्या चौकात एका पुढाऱ्याचं वाढदिवसाचं पोस्टर होतं. तिकडे बोट करून दिलीप म्हणाला, "अशे पोस्टर पाहून साहेब म्हनत, वांगं किडकं असलं का देठ लय चमकते."

वहिनी सरळ बसल्या. "हे मी म्हटलं होतं. भाजी चिरता चिरता. त्याईनं पेपरातून मानबी वर नोती केली."

दिलीपने दुसरं सांगितलं. तेही वहिनींचं निघालं. तिसरं त्यांनी मध्येच तोडून स्वतःच पुरं केलं, आणि मनोहरपेक्षा चांगलं केलं. इतकी वर्षं दर शनिवारी बस पकडून मी कोणाच्या बोलण्याला हसत होतो, ते मला त्या खुर्चीवर कळत गेलं... वहिनी आता पदराने डोळे पुसत होत्या आणि अजून काय म्हनत, अजून काय, असं विचारतही होत्या.

दिलीप आठवू लागला. "एकदा मी इचारलं, साहेब, घरीबी इतकेच बोलता का? तर म्हने, घरी मी गप राहतो. बोललो, का तिचं आयकाचं राहून जाते."

वहिनींनी डोळ्यांवरचा पदर खाली घेतला.

"हे माह्यं नाही," त्या म्हणाल्या.